कार्ड उलटं, पण कुणाच्या बाजूनं?

पहिली दीड वर्षं मी टॅरोची, म्हणजे भविष्य बघायच्या चित्रांच्या पत्त्यांची, कार्डं चुकीच्या पद्धतीनं उघडत होते, आणि हे मला कुणी सांगितलं नाही. सांगणार तरी कोण? समोरच्या माणसाचे डोळे चित्रावर खिळलेले, माझ्या बोटांकडे कोण कशाला बघेल! शेवटी एका मैत्रिणीनं पकडलं. तीसुद्धा टॅरो बघते, माझ्याहून कितीतरी आधीपासून. मी तिच्यासाठी तीन कार्डं काढली, पहिलं उघडलं, दुसरं उघडलं, आणि ती म्हणाली, "थांब. हे परत पालथं ठेव. आता उघड. सावकाश."

मी उघडलं. वरची कड चिमटीत धरून, भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटावं तसं.

"अगं, असं उघडलं की सुलटं असलेलं उलटं होणार आणि उलटं असलेलं सुलटं! पुस्तकाचं पान उलटतो तसं उघड. आडवं."

विश्वास बसत नसेल तर कुठलाही पत्ता घेऊन करून बघा. पालथ्या पत्त्याची डावी कड धरून उजवीकडे फिरवलात तर डोकं वरच राहतं. वरची कड धरून खाली फिरवलात तर डोकं पायाशी जातं. एवढी साधी गोष्ट. आणि मी दीड वर्षं लोकांना "हे रिव्हर्स आलंय बरं का" असं गंभीर चेहऱ्यानं सांगत होते.

त्या रात्री माझी वही काढली. प्रत्येक रीडिंगची नोंद मी ठेवते. कार्डाचं नाव, पुढे सुलट्याला वर बाण, उलट्याला खाली बाण. दिवसभर कंपनीचे हिशेब तपासण्याचं काम करते, त्यामुळे नोंदीशिवाय मला चैन पडत नाही. बसले आणि एकेक बाण मनातल्या मनात फिरवत गेले. जिथे "अडकलंय" म्हटलं होतं तिथे "वाहतंय" म्हणायला हवं होतं, जिथे "सुटतंय" म्हटलं होतं तिथे "घट्ट आहे". गंमत म्हणजे यातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी त्या वेळी "अगदी बरोबर" म्हणून मान डोलावली होती.

याचा एक अर्थ सरळ आहे: सगळंच थोतांड. हा अर्थ मी अजूनही पूर्ण फेकून दिलेला नाही, एका कोपऱ्यात ठेवलाय, अधूनमधून बघते त्याच्याकडे. पत्त्यांना पुढचं काही ठाऊक असतं असं मी मानत नाही. गठ्ठा पिसताना कार्ड जसं फिरतं तसं ते येतं. पण समोर चित्र आलं की माणूस बोलायला लागतो, आणि एरवी जे बोलला नसता ते बोलतो, हे मात्र मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. त्यामुळे मी दुसरा अर्थ धरून बसले: उलट्या कार्डाबद्दलची माझी समजूतच चुकीची होती. मी उलटं म्हणजे विरुद्ध असं धरून चालले होते. सूर्याचं कार्ड सुलटं तर आनंद, उलटं तर दुःख. दिव्याचं बटण असावं तसं.

ही समजूत आली कुठून ते शोधायला गेले तर फारच मजेशीर गोष्ट हाती लागली.

टॅरो हा मुळात पत्त्यांचा खेळ. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत तो खेळला जायचा, मिलानच्या दरबारासाठी हातानं रंगवलेले त्या काळचे पत्ते आजही जपलेले आहेत. खेळात पत्ता उलटा आला तर खेळणारा काय करतो? हातातल्या हातात फिरवतो आणि पुढे जातो. उलटेपणाला काही अर्थ असेल असं त्याच्या मनातही येत नाही.

तो अर्थ चिकटवला तो अठराव्या शतकात पॅरिसमध्ये पत्त्यांवरून भविष्य सांगणाऱ्या एका माणसानं. त्याचं नाव जाँ-बाप्तिस्त आलिएत. १७७० साली त्यानं पत्त्यांच्या भविष्यावर पुस्तक काढलं, तेही टॅरोवर नव्हे, पिकेट नावाच्या खेळाच्या ३२ साध्या पत्त्यांवर. त्यात प्रत्येक पत्त्याला सुलटा एक अर्थ आणि उलटा एक अर्थ दिला होता. पुढे १७८९ मध्ये त्यानं खास भविष्यासाठी टॅरोचा डेक, म्हणजे कार्डांचा पूर्ण गठ्ठा, छापला, त्यात कार्डाच्या एका टोकाला सुलटा शब्द आणि दुसऱ्या टोकाला उलटा. कार्ड हातात आलं की वरच्या बाजूला जो शब्द सुलटा दिसेल तो वाचायचा, डोक्याला ताप नाही. आणि या गृहस्थानं स्वतःसाठी जे टोपणनाव घेतलं होतं ते एतेला. म्हणजे काय, तर आपल्याच आडनावाची अक्षरं उलट्या क्रमानं. पत्ते उलटे वाचायला शिकवणाऱ्यानं स्वतःचं नावही उलटं करून घेतलं होतं! हे कळल्यावर मी एकटीच हसत बसले होते.

त्याच काळात कूर द जेबलँ नावाच्या विद्वानानं १७८१ मध्ये टॅरोचं मूळ प्राचीन इजिप्तमध्ये आहे असं ठासून लिहिलं. त्याला कसलाही पुरावा नव्हता, पण कल्पना इतकी चविष्ट की लोक अजून ती चघळतात. या महाशयांना हँग्ड मॅनच्या कार्डाचा उलगडा होईना. एका पायानं टांगलेला, डोकं खाली असलेला माणूस. त्यांनी निष्कर्ष काढला की छापणाऱ्या अडाणी कारागिरानं चित्र उलटं छापलंय. हा खरा उभा माणूस आहे, एक पाय उचलून पुढे टाकावा की नाही याचा विचार करणारा, म्हणजे सावधपणाचं चित्र. आणि त्यांनी आपल्या ग्रंथात तो उभा करून दाखवला.

हे वाचलं तेव्हा मला माझा मुलगा आठवला. तो सहा-सात वर्षांचा असताना माझ्यासमोर टेबलाच्या पलीकडे बसून काहीतरी रंगवत होता. मी माझ्यासाठी एक कार्ड काढलं, हँग्ड मॅन, सुलटा. त्यानं मान वर केली आणि विचारलं, "आई, हा काका एका पायावर का नाचतोय?"

त्याच्या बाजूनं तो नाचतच होता. एक पाय सरळ, दुसरा गुडघ्यात मुडपलेला, हात पाठीमागे, चेहरा शांत, डोक्याभोवती तेजोवलय. जेबलँसाहेबांना जे दिसलं ते माझ्या पोराला दिसलं, फरक एवढाच की त्यानं त्यावर ग्रंथ लिहिला नाही.

तेव्हापासून मी बसण्याची जागा बदलली. पूर्वी समोरासमोर बसायचे, डॉक्टर आणि पेशंट बसतात तशी. विचार करा, माझ्या बाजूनं सुलटं असलेलं प्रत्येक कार्ड समोरच्याला उलटं दिसत होतं. मी "छान आहे, सुलटं आहे" म्हणत होते आणि त्याला डोक्यावर पडलेला राजा दिसत होता. आता मी टेबलाच्या कोपऱ्याशी, माणसाच्या शेजारी बसते. दोघांना एकच चित्र दिसतं. बोलणंही वेगळं होतं, कारण दोघंही कार्डाकडे बघत असतो, एकमेकांकडे कमी.

आता अर्थांकडे. आजकाल बहुतेकांच्या हातात जो डेक असतो तो १९०९ मध्ये लंडनला रायडर कंपनीनं काढला. आर्थर एडवर्ड वेट यांच्या सूचना आणि पामेला कोलमन स्मिथ यांची चित्रं. छोट्या कार्डांवरही, म्हणजे वाँड्स (काठ्या), कप्स (पेले), सोर्ड्स (तलवारी) आणि पेंटॅकल्स (नाणी) या चार गटांतल्या आकड्यांच्या कार्डांवरही, प्रसंग रंगवलेले असल्यामुळे तो डेक लोकांना आवडला. वेट यांनी मग प्रत्येक कार्डाचे सुलटे-उलटे अर्थही छापले. म्हणजे ७८ कार्डांचे १५६ अर्थ, आणि शिकणारे ते पाढ्यांसारखे पाठ करतात. मीही केले होते.

पण पाठ करताना मी नीट वाचले नव्हते. नीट वाचलं तर वेट स्वतःच उलटं म्हणजे विरुद्ध हा नियम पाळत नाहीत. सूर्य उलटा आला तर काय? तेच, पण जरा कमी. फोर ऑफ वाँड्स, म्हणजे फुलांच्या तोरणाखालचा आनंदसोहळा, उलटा आला तर? अर्थ बदलत नाही, असं स्पष्ट लिहिलंय. टॉवर, म्हणजे कोसळणारा मनोरा, उलटा? एका मतानं तेच, कमी प्रमाणात, शिवाय जुलूम आणि कैद. नाइन ऑफ सोर्ड्स हे मुळातच रडवणारं कार्ड, ते उलटलं की सुख यायला हवं ना? छे. तिथे शंका, संशय, कैद आणि लाज. बहुतेक अर्थ तर इकडून तिकडून गोळा केल्यासारखे आहेत, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. मग मी ते पाठांतर सोडून दिलं.

मला वाट सापडली ती माझ्या रोजच्या कामात. हिशेबात एखादी नोंद चुकली तर ती खोडत नाहीत. खाडाखोड म्हणजे गुन्हाच. तुम्ही तिच्यासमोर रिव्हर्सल एंट्री टाकता. मूळ नोंदही दिसते, उलटही दिसते, आणि तपासणाऱ्याला कळतं की इथे काहीतरी घडलं होतं, मग कुणीतरी ते मागे घेतलं. उलट्या कार्डाकडे मी तसं बघते. चित्र तेच आहे. खोडलेलं नाही. फक्त ते कुणीतरी मागे घेतलंय, दाबून ठेवलंय, किंवा अजून खात्यात टाकलेलंच नाही. मग माझा प्रश्न एकच: कुणी, आणि का?

उलटतपासणी म्हणा हवं तर. हा शब्द मला फार आवडतो. साक्षीदार तोच, साक्ष तीच, प्रश्न मात्र दुसऱ्या बाजूचा वकील विचारतो.

आणि आपल्या भाषेत उलटणं कुठे एकाच प्रकारचं असतं? गाडी उलटते, पान उलटतं, डाव उलटतो, माणूस उलटून बोलतो. आणि महिना उलटला म्हणतो तेव्हा तर तो नुसता सरून गेलेला असतो, कुणी त्याला डोक्यावर उभं केलेलं नसतं. किती तरी वेळा उलटं कार्ड बघून मला हाच अर्थ आधी सुचतो: हे उलटून गेलंय का? टेन ऑफ सोर्ड्स, पालथा पडलेला माणूस आणि पाठीत दहा तलवारी. ते उलटं आलं की मी विचारते, "हे होऊन किती दिवस उलटले?" आश्चर्य वाटेल इतक्या वेळा माणूस नेमकी तारीख सांगतो.

काही चित्रं तर डोळ्यांनीच बोलतात. एस ऑफ कप्स घ्या. ढगातून आलेल्या हातावर पेला, त्यातून पाण्याच्या धारा उसळतायत. उलटा करा, झाला पालथा घडा. आता त्यावर कितीही पाणी ओता. कुणी नव्या प्रेमाबद्दल विचारत असेल आणि हे आलं, तर "प्रेम नाही" असं मी म्हणत नाही. मी विचारते की समोरून येतंय ते तुम्ही घेताय का. टॉवर उलटा धरला तर खाली कोसळणारी माणसं वर झेपावल्यासारखी दिसतात. एकदा एकजण तसं बघून म्हणाले, "मला काढून टाकलं नाही, मी स्वतः राजीनामा दिला, पण हे कुणी मानतच नाही." मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

पण याच चित्रवाचनानं मला एकदा जोरात आपटवलं, ते सांगते.

एक बाई आल्या होत्या. मुलाच्या शिक्षणाबद्दल विचारायचं होतं. शांत, हसतमुख, नीटनेटक्या. काढलेल्या कार्डांत मधोमध नाइन ऑफ सोर्ड्स, उलटं. या कार्डात एक व्यक्ती अंथरुणात उठून बसलीय, चेहरा दोन्ही हातांत, मागे काळ्या भिंतीवर नऊ तलवारी आडव्या, अंगावरच्या गोधडीवर गुलाब आणि राशींची चिन्हं. मी तेव्हा नुकतीच "वाईट कार्ड उलटं म्हणजे सुटका" या मताची झाले होते. उत्साहानं म्हटलं, "बघा, तलवारी खाली गळून पडतायत. काळजीचे दिवस संपत आलेत तुमचे. आता झोप लागेल."

बाई हसल्या. "बरं झालं," म्हणाल्या. बाकीची कार्डं आम्ही बघितली, त्या उठल्या, चपला घालता घालता थांबल्या आणि म्हणाल्या, "ताई, मी रात्री झोपत नाही हे घरात कुणालाच माहीत नाही. तुम्हाला कसं कळलं असं वाटलं मला. पण मग तुम्ही म्हणालात संपलं म्हणून."

मी त्यांना परत बसवलं. चार महिने त्या रात्री दोन-अडीचला उठून अंधारात स्वयंपाकघरात बसत होत्या, खुर्चीचा आवाज होऊ नये म्हणून जमिनीवर. दिवसा हसतमुख. कार्ड उलटं होतं ते काळजी गळून पडली म्हणून नव्हे, काळजी उपडी घालून ठेवली होती म्हणून. वरून फक्त गोधडीवरचे गुलाब दिसत होते. मी त्यांना त्या दिवशी कार्डांबद्दल पुढे काहीच सांगितलं नाही. डॉक्टरकडे जा आणि घरात निदान एका माणसाला सांगा, एवढंच म्हटलं. चार महिन्यांची झोप कुठल्याही डेकनं भरून निघत नाही.

त्यानंतर माझा एक नियम झाला. उलटं कार्ड आलं की आधी मी अर्थ सांगत नाही. चित्रात काय चाललंय ते साध्या शब्दांत वर्णन करते आणि विचारते, "हे कुठे उघड्यावर आहे आणि कुठे झाकलेलं आहे?" चांगल्या कार्डालाही हेच. एकीला सूर्य उलटा आला होता. प्रबंध पूर्ण झालेला, पदवी हातात, आणि ती म्हणाली, "मला इतका आनंद झालाय की सांगायची लाज वाटते, माझ्याबरोबरच्या दोघींचं अजून झालं नाही." वेट यांचं तेच, पण जरा कमी हे तिथे मला अगदी पटलं. आनंद कमी नव्हता, आवाज कमी केलेला होता.

राजाराण्यांची उलटी कार्डं मात्र मी अजूनही जपून हाताळते, कारण तिथे मी स्वतः पोळलेय. मी हे सगळं शिकण्याच्या आधी एका बाईंकडे रीडिंगला गेले होते. क्वीन ऑफ सोर्ड्स उलटी आली. बाई डोळे बारीक करून म्हणाल्या, "घरातली एक स्त्री तुमच्यावर जळते. जिभेची तिखट आहे. सांभाळून राहा." पुढचे दोन महिने मी माझ्या जाऊबाईंच्या प्रत्येक वाक्यात विष शोधत होते. त्या बिचाऱ्या मला भाजी कशी झालीय विचारायच्या आणि मी त्यात टोमणा ऐकायचे. घरात जिभेची तिखट कोण आहे, हे आमच्याकडे कुणालाही विचारा, सगळे माझ्याकडेच बोट दाखवतील. उलटी राणी म्हणजे दुसरी कुणीतरी वाईट बाई, हा अर्थ सांगणाऱ्यांना माझं सांगणं आहे: तुम्ही दार बंद करून निघून जाता, मागे घरात काय शिजतं ते तुम्हाला दिसत नाही.

थोडं तांत्रिक, कारण शिकणारे नेहमी विचारतात.

नवा डेक सगळा सुलटा असतो. तुम्ही तो नुसता हातावर पिसत राहिलात तर आयुष्यभर एकही कार्ड उलटं येणार नाही. उलटी हवी असतील तर गठ्ठा कापून अर्धा भाग फिरवायचा आणि मग पिसायचा, किंवा मी करते तसं सगळी कार्डं टेबलावर पालथी पसरून दोन्ही हातांनी गोल गोल कालवायची. डेक घेताना पाठीमागची नक्षी बघा. ती दोन्ही बाजूंनी सारखी नसेल तर कार्ड उघडायच्या आधीच उलटं आहे ते कळतं आणि नकळत बोटं दुसरं उचलतात. जुन्या मार्सेय पद्धतीच्या डेकमध्ये तर कित्येक आकड्यांची कार्डं, विशेषतः काठ्यांची, दोन्ही बाजूंनी जवळपास सारखीच दिसतात. तिथे उलटंसुलटं करत बसण्यात हशील नाही. सेल्टिक क्रॉस नावाच्या मांडणीत दुसरं कार्ड पहिल्यावर आडवं पडतं, ते मी सुलटंच धरते. आडव्याला उलटं कसं म्हणणार!

आणि हो, घाबरू नका. डेक नीट मिसळलेला असेल तर दहा कार्डांत सात किंवा जास्त उलटी येण्याची शक्यता १०२४ मध्ये १७६ आहे, म्हणजे साधारण सहा वेळा बसलात तर एकदा. तीन कार्डांत तिन्ही उलटी येणं आठांत एकदा. "सगळंच उलटं आलं, माझी वेळ खराब आहे का?" असा फोन मला महिन्यातून एकदा तरी येतो. मी आधी हे गणित सांगते. निम्मे लोक तिथेच शांत होतात, उरलेल्यांशी मग बोलावं लागतं.

माझी ती मैत्रीण, जिनं माझी चूक पकडली, ती उलटी कार्डं वाचतच नाही. उलटं आलं की ती सरळ फिरवून ठेवते, जुन्या खेळाडूंसारखी. ती इंग्रज गूढवादी अलेस्टर क्रॉली यांचा थॉथ नावाचा डेक वापरते, लेडी फ्रीडा हॅरिस यांनी १९३८ ते १९४३ या काळात रंगवलेला. तिची पद्धत १८८८ मध्ये लंडनला सुरू झालेल्या गोल्डन डॉन या गुप्त मंडळातून आलेली. कार्डाचं बळ शेजारच्या कार्डांवरून ठरवायचं. वाँड्स म्हणजे अग्नी, कप्स म्हणजे पाणी, सोर्ड्स म्हणजे वारा, पेंटॅकल्स म्हणजे माती. अग्नी आणि पाण्याचं वैर, वारा आणि मातीचं वैर, बाकीच्यांचं जमतं. "तुझं उलटं कार्ड म्हणजे शेजार न बघता एकट्या माणसाला दोष देणं," असं ती मला ऐकवते. मी तिला म्हणते की तुझा शेजार बघता बघता माणूस हरवतो. हा वाद दर भेटीत होतो आणि कुणी हरत नाही.

मागच्या महिन्यात आम्ही दोघी एकत्र बसलो असताना एक ओळखीच्या बाई आल्या. भावाशी बोलणं बंद होऊन तीन वर्षं झालेली. त्याला लिहू का, एवढाच प्रश्न. माझ्या डेकमधून तीन कार्डं: फोर ऑफ कप्स सुलटं, मधे एट ऑफ वाँड्स उलटं, मग क्वीन ऑफ कप्स सुलटी.

एट ऑफ वाँड्समध्ये माणूस नाही. मोकळ्या आकाशातून आठ काठ्या तिरक्या सुटलेल्या, खाली नदी आणि हिरवा माळ. निरोप, वेग, काहीतरी पोचायच्या बेतात. ते उलटं, म्हणजे माझ्या डोळ्यांना स्पष्ट होतं: निरोप तयार आहे, सुटत नाही. मी विचारलं, "तुम्ही लिहून ठेवलंय का आधीच?" त्यांनी फोन काढला. मेसेज होता, लांबलचक, दोन वर्षांपूर्वी टाइप केलेला, पाठवायचा राहिलेला. मला मनातून जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मैत्रिणीनं मधलं कार्ड फिरवून सुलटं केलं. "दोन्ही बाजूंनी पाणी," ती म्हणाली. "आग पेटणार कशी? आणि या राणीचा पेला बघा, झाकण लावलेला आहे. हे पाणी कुणाचं आहे?"

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आईचं. ती दोघांकडेही रडते, आणि मला म्हणते तू गप्प बस."

त्या मेसेजबद्दल पुढे काही बोलणं झालंच नाही. तासभर त्या आईबद्दलच बोलत होत्या, माझ्याकडे पाठ आणि मैत्रिणीकडे तोंड करून. मी उठून चहा टाकला. वहीत त्या दिवसाच्या नोंदीत मधल्या कार्डापुढे खाली बाण काढलाय, आणि त्याच्या शेजारी तिच्या आग्रहास्तव दोन थेंब.

आठवड्यानं बाईंना पुन्हा बसायचं होतं. फोन त्यांनी तिलाच केला.